तारण काय?

२०२३ सालच्या गणपतीतली गोष्ट. मुलुंडला मुलीच्या घरी दर्शनाला गेलो होतो. आरती झाली, उकडीचे मोदक झाले, आणि आम्ही मोठी माणसे जरा लवंडतो न लवंडतो तोच आतल्या खोलीतून भांडणाचा आवाज आला. आमचा नातू आणि शेजारच्या विंगमधला त्याचा मित्र. दोघेही तेरा वर्षांचे. भांडण मोदकांवरून नव्हते. मित्राकडे एक्सबॉक्स, नातवाकडे प्लेस्टेशन. आणि त्याच महिन्यात ‘स्टारफील्ड’ नावाचा अंतराळातला एक मोठा खेळ आला होता. तो एक्सबॉक्सवर आला, संगणकावर आला, प्लेस्टेशनवर आला नाही. नातवाचा चेहरा असा, की घरचा गणपतीच कोणीतरी उचलून नेला असावा.

“आबा, तुम्ही बँकेत होता ना? मग तुम्हीच सांगा. त्याच लोकांचा आधीचा गेम मी माझ्या प्लेस्टेशनवर खेळलो. बनवणारे तेच, खेळणारा मीच. मग आता काय झालं?”

आमच्या घरात माझ्या कादंबऱ्या कोणी वाचत नाही, पण पैशाचा विषय निघाला की मात्र सगळ्यांना माझी आठवण होते. मी चष्मा लावला आणि चौकशी केली. उत्तर सोपे निघाले. खेळ बनवणाऱ्या बेथेस्डा या कंपनीची मालक कंपनी झेनिमॅक्स हिला मायक्रोसॉफ्टने विकत घेतले होते. व्यवहार जाहीर झाला सप्टेंबर २०२० मध्ये, पुरा झाला मार्च २०२१ मध्ये, किंमत साडेसात अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने जवळजवळ पंचावन्न हजार कोटी रुपये. एक्सबॉक्स मायक्रोसॉफ्टचा. प्लेस्टेशन सोनीचा. “अरे, तुझ्या आवडत्या खानावळीचा आचारी दुसऱ्या खानावळवाल्याने पगारावर ठेवला,” मी म्हटले. नातवाला खानावळ म्हणजे काय ते माहीत नव्हते. असो.

ज्या वाचकांच्या घरात हे यंत्र अजून आलेले नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द. टीव्हीला जोडायचा हा डबा, म्हणजे कन्सोल, कंपन्या बहुतेक वेळा अगदी थोड्या नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकतात. खरी कमाई खेळांवर. दुसऱ्याने बनवलेला खेळ आपल्या डब्यावर विकला गेला की साधारण तीस टक्के हिस्सा डब्याच्या मालकाचा. घाटकोपरच्या लग्नाच्या हॉलवाल्यासारखे म्हणा ना: हॉल परवडणाऱ्या भाड्यात देतो, पण केटरर त्याच्याच यादीतला घ्यावा लागतो. आता एखाद्या केटररच्या हातची बासुंदी गावभर गाजत असेल आणि ती एकाच हॉलमध्ये मिळत असेल, तर लोक बासुंदीसाठी हॉल ठरवतील. ‘फक्त आमच्याच डब्यावर’ मिळणाऱ्या खेळांचे मोल ते एवढेच. पूर्वी अशी बासुंदी आपल्या भटारखान्यात शिजवत किंवा केटररला आगाऊ पैसे देऊन राखून ठेवत. गेल्या काही वर्षांत आख्खा केटररच विकत घेण्याची चढाओढ लागली.

त्यातली सर्वांत मोठी खरेदी म्हणजे ‘कॉल ऑफ ड्यूटी’ बनवणारी ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड. जानेवारी २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने बोली जाहीर केली: ६८.७ अब्ज डॉलर. पाच लाख कोटी रुपयांहून अधिक. पंच्याण्णव डॉलर एका शेअरला, बाजारभावापेक्षा पंचेचाळीस टक्के चढा दर. आकडा वाचून मी सवयीने पेन्सिल शोधली.

पण मला त्या आकड्यापेक्षा ॲक्टिव्हिजनच्या जन्माची कथा अधिक मोलाची वाटते. सत्तरच्या दशकात व्हिडिओ गेमच्या धंद्यात अटारी ही कंपनी अग्रेसर होती. १९७६ साली ती वॉर्नर या चित्रपटवाल्या कंपनीने विकत घेतली. काही काळाने तिच्या प्रमुखपदी रे कसार हे गृहस्थ आले. ते आयुष्यभर कापडधंद्यात मुरलेले. अटारीतल्या चार प्रोग्रामरांनी हिशेब मांडला, की आपण चौघांनी बनवलेल्या खेळांनी कंपनीला कोट्यवधी डॉलर मिळवून दिले, आणि डब्यावर आपले साधे नावसुद्धा नाही. ते कसारांकडे गेले. खेळ जुळवणी करून खोक्यात भरणाऱ्या कामगाराइतकेच तुमचे महत्त्व, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. (गिरण्यांच्या मुंबईत वाढलेल्या माणसाला हे उत्तर ओळखीचे वाटावे. खोके भरणाऱ्याचाही त्यात अपमानच आहे.) चौघेही बाहेर पडले आणि १९७९ साली त्यांनी ॲक्टिव्हिजन काढली. दुसऱ्याच्या यंत्रासाठी खेळ बनवून विकणारी ती पहिली स्वतंत्र कंपनी. तिच्या खेळांबरोबर बनवणाऱ्याचे नाव छापलेले असे.

विकल्या गेलेल्या कंपनीत नाव मिळेना म्हणून चार माणसांनी काढलेले दुकान, चव्वेचाळीस वर्षांनी स्वतःच विकले गेले.

व्यवहार मात्र सरळ झाला नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये विरोध नोंदवला. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये चक्क मनाई केली. सोनीची तक्रार अशी, की उद्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’ आमच्या डब्यावरून काढून घेतील आणि आमचे गिऱ्हाईक पळेल. जुलै २०२३ मध्ये अमेरिकेतल्या न्यायाधीशांनी आयोगाची मागणी फेटाळली. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने सोनीला दहा वर्षे तो खेळ देण्याचा करार केला. ब्रिटनची हरकत दूर करण्यासाठी इंटरनेटवरून खेळ पुरवण्याचे हक्क फ्रान्सच्या युबिसॉफ्टला देऊन टाकले आणि १३ ऑक्टोबर २०२३ रोजी सौदा पुरा केला. पावणेदोन वर्षे हजारो पाने लिहिली गेली. त्या पानांत गिऱ्हाइकाला किती पडेल, प्रतिस्पर्ध्याचे किती नुकसान होईल, याचा कीस पाडलेला होता. खेळ बनवणाऱ्यांचे काय होईल, हा प्रश्न त्या वादात जवळजवळ नव्हताच.

त्याचे उत्तर तीन महिन्यांत आले. २५ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या गेम विभागातल्या सुमारे बावीस हजारांपैकी एकोणीसशे माणसांना नारळ दिला. मग अमेरिकी आयोगाने कोर्टापुढे या कपातीकडे बोट दाखवले. पण वरात निघून गेल्यावर लग्नाला हरकत घेतल्यासारखेच ते. मे २०२५ मध्ये आयोगाने खटलाही सोडून दिला.

आता हे सारे दूरच्या लोकांचे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. मीही म्हटले असते. पण दोन गोष्टी माझ्या अंगावरून गेल्या आहेत.

पहिली माझ्या बँकेची. नाव सांगत नाही. आपल्याकडे २०१७ साली सत्तावीस सरकारी बँका होत्या, २०२० च्या एप्रिलपर्यंत बारा उरल्या. त्या विलीनीकरणाच्या लाटेत आमचीही बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत गेली. माझ्या निवृत्तीच्या तोंडावर. सकाळी शाखेत गेलो तर शिडीवर चढून दोघे जण पाटी उतरवत होते. सदतीस वर्षे ज्या नावाने लोकांना “नमस्कार, अमुक बँक” म्हणत आलो ते नाव फुटपाथवर भिंतीला टेकून उभे. चहावाल्याने विचारले, “साहेब, पत्रा विकायचा का?” मग नवी संगणकप्रणाली, नवे फॉर्म, आणि एकाच रस्त्यावर दोन शाखा झाल्या म्हणून आमची बंद. ज्या वरिष्ठांनी आमच्या बँकेत काही चांगल्या पद्धती घालून दिल्या होत्या, त्या एका परिपत्रकाने गेल्या. पण एक सांगितले पाहिजे: नोकरी कोणाची गेली नाही. कोणालाही कमी करणार नाही असे अर्थमंत्र्यांनी जाहीर सांगितले होते, मागे युनियन होती, सेवानियम होते. अमेरिकेतल्या त्या एकोणीसशे जणांच्या मागे यातले काय होते?

दुसरी गोष्ट अधिक जुनी, आणि त्यात दोष माझाच आहे.

२००३ साल. मी अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीजवळच्या शाखेत होतो. तीन मुलगे कर्ज मागायला आले. मोबाइल फोनवर खेळायचे खेळ बनवतो म्हणाले. तेव्हाचा फोन तो. एकाने तो माझ्या टेबलावर ठेवला. काडेपेटीएवढ्या पडद्यावर चार रेघांचा बॅट्समन. आठ लाख हवे होते. मी कर्जाचा छापील अर्ज उघडला आणि ठरलेला प्रश्न विचारला, “तारण काय?” तिघांनी एकमेकांकडे पाहिले. एक जण म्हणाला, “साहेब, आम्हीच.” मी हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

पण माझी अडचणही समजून घ्या. गिरणीला कर्ज दिले तर सूत मोजता येते. गोदामाला कुलूप लावून किल्ली बँकेत ठेवता येते. या मुलांचा सगळा माल संध्याकाळी सात चाळीसच्या बोरिवली लोकलने घरी जाणार! उद्या सकाळी तो परत येईलच असे कोणी लिहून द्यावे? लहान उद्योगांना विनातारण कर्ज देण्यासाठी सरकारची हमी योजना २००० सालीच आली होती. परिपत्रक माझ्या ड्रॉवरमध्ये होते. पण आम्ही शाखेतले लोक परिपत्रकापेक्षा ऑडिटला जास्त घाबरायचो. प्रकरण नामंजूर केले.

दीड-दोन वर्षांनी पेपरात बातमी आली. विशाल गोंदल यांनी १९९९ साली मुंबईत काढलेली इंडियागेम्स ही असेच मोबाइलवरचे खेळ बनवणारी कंपनी; तिचा सुमारे ऐंशी टक्के हिस्सा चीनच्या टॉम ऑनलाइनने पावणेदोन कोटी डॉलरच्या आसपास किमतीला घेतला. माझ्याकडे आलेली ती तीन मुले ही नव्हेत. त्यांचे पुढे काय झाले मला ठाऊक नाही. पण बातमी वाचताना मला त्यांचाच फोन दिसत होता. कुलूप न लावता येणाऱ्या मालाला कोणीतरी बीजिंगहून येऊन एवढा भाव दिला होता.

इंडियागेम्सची पुढची कथा अभ्यासण्यासारखी आहे. २००७ मध्ये यूटीव्हीने ती घेतली. २०११–१२ मध्ये डिस्नेने यूटीव्हीच घेतली, तिच्याबरोबर इंडियागेम्सही गेली. सात-आठ वर्षांत तीन मालक. पहिल्याला भारताचा मोबाइल बाजार हवा होता, दुसऱ्याला सिनेमा-टीव्हीच्या जोडीला खेळ हवे होते, तिसऱ्याला मुळात चित्रपट नि वाहिन्या हव्या होत्या, खेळ आपले ताटाबरोबर आलेल्या लोणच्यासारखे. गोंदल बाहेर पडले आणि २०१४ मध्ये त्यांनी आरोग्याच्या क्षेत्रात गोकी ही वेगळीच कंपनी काढली. आणि २०१६ च्या मे महिन्यात डिस्नेने तिकडे अमेरिकेत स्वतः कन्सोलचे खेळ बनवणे थांबवले, सॉल्ट लेक सिटीतला आपला स्टुडिओ बंद केला. आज इंडियागेम्स नावाची पाटी कुठे लागलेली नाही.

मुंबईने नुसतेच विकले असेही नाही, घेतलेही आहे. २०१० साली अनिल अंबानींच्या समूहातील रिलायन्स बिग एंटरटेनमेंटने ब्रिटनच्या कोडमास्टर्सचा निम्मा हिस्सा घेतला. मोटारींच्या शर्यतींचे उत्तम खेळ बनवणारी ही जुनी कंपनी. पुढे रिलायन्स बाहेर पडली, आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने सव्वा अब्जाच्या आसपास डॉलर मोजून कोडमास्टर्स घेतली. २०२५ मध्ये रॅलीच्या शर्यतींवरचे नवे काम थांबवल्याचे त्यांनी जाहीर केले, माणसे कमी केली. १९९८ पासून चालत आलेली परंपरा होती ती. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात खुद्द इलेक्ट्रॉनिक आर्ट्सलाच घेण्याचा पंचावन्न अब्ज डॉलरचा करार जाहीर झाला, घेणारे सौदी अरेबियाचा सरकारी निधी आणि त्याचे भागीदार. त्यात वीस अब्ज डॉलर कर्जाचे. कर्ज म्हटले की माझे कान टवकारतात. हे कर्ज घेणारा फेडत नाही. ज्या कंपनीला विकत घेतले तिच्या डोक्यावर ते बसते, आणि हप्ता तिच्या कमाईतून जातो. हप्ता चुकवता येत नाही. कमी करता येतात ती माणसेच.

आता माझ्या भाच्याकडे येतो.

धाकट्या बहिणीचा मुलगा. राहायला घाटकोपर, पंतनगर. ॲनिमेशनचा कोर्स करून अंधेरीतल्या एका स्टुडिओत लागला. हे स्टुडिओ परदेशी कंपन्यांच्या खेळांसाठी झाडे, भिंती, मोटारी, रस्ते बनवून देतात. मेट्रोने घाटकोपरहून अंधेरी, सकाळी दहा ते केव्हाही. भाच्याची खासियत पाणी. ओला रस्ता, भिंतीवरची ओल, डबक्यातले दिव्यांचे प्रतिबिंब. एका मोठ्या खेळातल्या अमेरिकन शहरातल्या डबक्यांसाठी त्याने पंतनगरच्या डबक्यांचे चारशे फोटो काढले होते. तो खेळ आला तेव्हा त्याने आम्हाला घरी बोलावून शेवटची नामावली दाखवली. सिनेमाच्या शेवटी येतात तशी नावे. सतरा मिनिटे ती वर सरकत होती. माझी बहीण हात जोडून बसली होती. सतराव्या मिनिटाला दोन हजार नावांत तिच्या मुलाचे नाव आले आणि गेले. “परत लाव,” ती म्हणाली. पुन्हा सतरा मिनिटे.

त्याचा स्टुडिओ एका परदेशी समूहाने घेतला. केक कापला, प्रत्येकाला टी-शर्ट मिळाला. आता तुम्ही मोठ्या कुटुंबाचा भाग आहात, असे साहेब म्हणाले. त्या भरवशावर भाच्याने गृहकर्ज काढले; कागद मीच तपासून दिले. वीस महिन्यांनी एका मंगळवारी अकरा मिनिटांचा व्हिडिओ कॉल झाला आणि स्टुडिओ बंद. दोन महिन्यांचा पगार. संगणक त्याच दुपारी परत घेतला.

पैशापेक्षा त्याला दुसरीच गोष्ट लागली. नवी नोकरी शोधायची तर केलेले काम दाखवावे लागते. ते दाखवायचे नाही, असे करारात लिहिलेले. मी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून त्याचे सतरावे कलम वाचले: नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. म्हणजे डबक्यांचे पाणी कंपनीचे. चारशे फोटो तेवढे त्याचे, कारण ते त्याने रविवारी, स्वतःच्या फोनवर काढले होते.

“मामा,” तो म्हणाला, “त्यांनी नक्की काय विकत घेतलं होतं?”

मी ताळेबंद वाचणारा माणूस. अशा खरेदीत दोन प्रकारची मालमत्ता दिसते. एक, खेळांची नावे आणि त्यांचे हक्क. दुसरी, ‘गुडविल’ या खात्याखाली मांडलेली मोठी रक्कम, म्हणजे दिसणाऱ्या मालापेक्षा जास्त मोजलेले पैसे. नाव विकत घेता येते, कपाटात ठेवता येते, दहा वर्षांनी बाहेर काढता येते. माणसे त्या कागदावर कुठेच नसतात. त्यांचा पगार असतो, पण तो खर्चाच्या बाजूला. बाजारभावापेक्षा पंचेचाळीस टक्के जास्त मोजून झाल्यावर वसुलीला बसलेला हिशेबनीस प्रथम कोणत्या बाजूला पाहणार?

जपानच्या टँगो गेमवर्क्सचे उदाहरण भाच्यानेच मला सांगितले. झेनिमॅक्सबरोबर हा स्टुडिओ मायक्रोसॉफ्टकडे आला. २०२३ मध्ये त्याने ‘हाय-फाय रश’ नावाचा, संगीताच्या तालावर लढण्याचा खेळ केला. लोकांनी उचलून धरला, पारितोषिके मिळाली. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करण्याचे जाहीर केले. चांगले काम करूनही! ऑगस्टमध्ये दक्षिण कोरियाच्या क्राफ्टनने त्यातली माणसे आणि त्या खेळाचे हक्क घेतले. क्राफ्टन म्हणजे ज्यांच्या ‘पबजी’ने आपल्या घराघरांत जेवणाची ताटे थंड केली, तेच. आणि याच क्राफ्टनने २०२५ मध्ये आपल्या पुण्याच्या नॉटिलस मोबाइलचा पंचाहत्तर टक्के हिस्सा घेतला. ‘रिअल क्रिकेट’ हा खेळ त्यांचा. त्याआधी २०२० मध्ये ती कंपनी पुण्याच्याच जेटसिंथेसिसने घेतली होती. त्यातून काय निष्पन्न होते ते पाहायला वेळ आहे. वाईटच होईल असे मी म्हणणार नाही.

म्हणणार नाही, कारण एकटे राहण्याचेही हाल मी ऐकले आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या मंडळींनी ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवरचा देखणा खेळ केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी पुण्यातला आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवले. २०२० मध्ये खेळ आला, जगभर नावाजला गेला. पण प्रत्येकाकडे विकायला फ्लॅट नसतो. मोठ्या कंपनीने घेतल्यावर बहरलेलेही आहेत. अमेरिकेच्या इन्सोम्नियाकने वीस वर्षे सोनीसाठी बाहेरून काम केले, मग २०१९ मध्ये सोनीने ती कंपनी घेतली आणि तिचे ‘स्पायडरमॅन’ पुढेही उत्तम चालले. दोघांना एकमेकांचे स्वभाव माहीत होते. आमच्याकडे लग्न ठरवताना दोन घरांचे येणे-जाणे पाहत, तसेच. आणि निन्टेन्डो तर फारसे विकत घेण्याच्या फंदातच पडत नाही. २०१४ साली धंदा मंदावला तेव्हा तिचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पाच महिने स्वतःचा पगार निम्मा केला. सदतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या कानावर अशी बातमी एकदाही आली नाही.

इकडे सोनीनेही ‘इंडिया हीरो प्रोजेक्ट’ काढून आपल्याकडच्या स्टुडिओंना पैसा आणि यंत्रसामग्री द्यायला सुरुवात केली आहे. मुंबईच्या अंडरडॉग्ज या स्टुडिओचा ‘मुक्ती’ हा खेळ त्यात आहे. मानवी तस्करीसारखा विषय त्यांनी घेतला आहे. दोन डब्यांची स्पर्धा चालू आहे तोवर असे दरवाजे उघडे राहतील. स्पर्धाच मिटली, तर कशाला कोण अंधेरीपर्यंत येतो?

आणि ती मिटण्याची चिन्हेही आहेतच. गंमत अशी की शहात्तर अब्ज डॉलर ओतून मायक्रोसॉफ्टने एवढे केटरर घेतले, आणि २०२४ पासून आपलीच बासुंदी सोनीच्या हॉलमध्ये पाठवायला लागली. ‘हाय-फाय रश’ गेला, पाठोपाठ मोटारींचा ‘फोर्झा’ गेला. एवढा पैसा वसूल करायचा तर एका हॉलची गिऱ्हाइके पुरत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांनी महिन्याच्या वर्गणीचा सर्वांत वरचा दर अमेरिकेत वीस डॉलरवरून तीस केला. मुलुंडच्या त्या दोन मित्रांचे भांडण आता बरेच निवळले आहे. नातू खुशीत आहे. मित्र विचारतो, मग मी हा डबा घेतला कशाला?

आपल्या स्पर्धा कायद्यातही २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. सप्टेंबर २०२४ पासून, भारतात बराच व्यवसाय असलेल्या कंपनीचा दोन हजार कोटींवरचा सौदा आयोगापुढे न्यावा लागतो. चांगले झाले. पण आयोगही बाजारच पाहणार. पंतनगरची डबकी कोणत्या रकान्यात लिहायची?

गेल्या पावसाळ्यात भाचा आणि त्याच स्टुडिओतले दोघे, असे तिघे बोरिवलीला आमच्या घरी आले. स्वतःचा खेळ करायचा म्हणाले. विषय सांगितला आणि मी सरसावून बसलो. २६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो दिवस. खेळणाऱ्याने अंधेरीहून बोरिवलीला रात्रभर चालत घरी पोचायचे. बस एवढेच. बंदूक नाही. मी त्या रात्री खरोखर चाललो होतो, शाखेच्या चाव्या खिशात घेऊन. जोगेश्वरीला एका अनोळखी बाईने गॅलरीतून सोडलेली चहाची किटली, मालाडला कमरेएवढ्या पाण्यात एकमेकांचे हात धरून केलेली साखळी, हे मी या पोरांना कैक वेळा सांगितले असणार.

दहा लाख हवे होते. मी बोरिवलीतल्या शाखेत घेऊन गेलो. काउंटरपलीकडची अधिकारी माझ्या नातीच्या वयाची. तिने संगणकात पाहत शांतपणे विचारले, “सर, सिक्युरिटी काय दाखवायची?” तिघांनी एकमेकांकडे पाहिले. मी म्हटले, “माझी मुदत ठेव लिहा.”

घरी आल्यावर बायको म्हणाली, “जन्मभर लोकांना सांगत आलात, कोणाला जामीन राहू नका.” खरे होते. मी फक्त भागीदारीचा करारनामा स्वतः लिहून दिला. कोणाला आपला हिस्सा विकायचा झाला तर आधी उरलेल्या दोघांना विचारायचे, हे एक कलम. खेळ पुढे कोणाकडेही गेला तरी तिघांची नावे पहिल्या पडद्यावर राहतील आणि प्रत्येकाला आपले काम दाखवण्याची मुभा असेल, हे दुसरे. विकत घेणारा ही कलमे पाळेलच असे नाही. ती काढून टाका म्हणून जास्त भावही देईल.

“मामा, उद्या कोणी खरंच पाच कोटी दिले तर?” भाच्याने विचारले.

“तर सही करायच्या आधी मला फोन कर.”

“आणि तुम्ही काय सांगाल?”

मला पटकन उत्तर सुचले नाही.

परवा त्यांनी अर्धवट तयार झालेला खेळ मला खेळायला दिला. पडद्यावर एस. व्ही. रोड, पाणी, बंद पडलेल्या बेस्टच्या बस, आणि पाण्यावर हलणारे पिवळे दिवे. पाणी अगदी तसेच होते. मी दोन्ही अंगठे दाबून चालू लागलो आणि पहिल्याच मिनिटाला उघड्या गटारात पडलो. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा पडलो.

“मामा, तुम्ही तर तेव्हा घरी पोचला होतात ना?”

“अरे, तेव्हा पुढे एक जण काठी टेकत चालला होता. तो कुठाय?”

तिघांनी एकमेकांकडे पाहिले. एकाने वही काढून लिहून घेतले. मी तिसऱ्यांदा अंधेरी स्टेशनबाहेर उभा राहिलो.